चौथा डबा

शाळेतला ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची मोहीम विद्यार्थ्यांनीच चालवायची असं ठरलं, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका शलाका मॅडमनी शिक्षकखोलीत सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. प्रत्येक जण नेमका त्याच क्षणी काहीतरी महत्त्वाचं लिहीत होता. माझं पेन संपलं होतं. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवणारा मी अशा रीतीने कचरा प्रमुख झालो. सूचनाफलकावर तसंच लिहिलं होतं, पद्माकर सर, कचरा.

मुलांनी चालवायची म्हणजे शिक्षकाने फक्त नियम करायचे. नियम करण्यात मी हार जाणाऱ्यातला नाही. माझे वडील विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, तेव्हा रजिस्टर आखणं आमच्या रक्तातच आहे. एका रविवारी बसून मी अकरा नियम लिहिले आणि पाच रकान्यांचं रजिस्टर आखलं: क्रमांक, वस्तू, आणणाऱ्याचं नाव, वस्तूशी नातं, टाकण्याचं कारण. त्यातला 'वस्तूशी नातं' हा रकाना का घातला ते मला धड सांगता येणार नाही. पान जरा मोकळं दिसत होतं, एवढंच.

डबे चार ठेवले. ओला, सुका, घातक, आणि चौथा माझ्या खास कल्पनेतून आलेला पांढरा डबा. त्यावर मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'कळत नाही'. ज्या वस्तूचं काय करायचं ते कळत नाही ती तिथे टाकायची. शलाका मॅडम म्हणाल्या, फार मोठा विचार केलात सर. मी नम्रपणे मान हलवली. मोठा विचार वगैरे काही नव्हता. माझ्याच घरात एक वस्तू होती आणि तिचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

ती वस्तू म्हणजे बाबांचा फोटो. चांगला दीड फूट उंच, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि कामावर उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं तशी नजर. आमच्या दिवाणखान्याचं रूप पालटायचं माझ्या बायकोने, नीलिमाने ठरवलं, आणि ज्या भिंतीवर बाबा होते तिथे लाकडी पट्ट्या आल्या, पट्ट्यांमागे दिवे आले, दिव्यांपुढे टीव्ही आला. पट्ट्यांवर खिळा मारला तर वॉरंटी जाईल, असं कारागीर म्हणाला. बाबांना वॉरंटी नव्हती. ते महिनाभर दिवाणाखाली होते. मग मी नीलिमाला सांगितलं की बनूताईने फोटो मागून घेतला. बनूताई म्हणजे माझी थोरली बहीण, अंबरनाथला असते. तिला मी काहीच सांगितलं नाही, त्यामुळे तिच्या लेखी बाबा अजून आमच्या भिंतीवरच होते. आणि मोहिमेच्या पहिल्या दिवशी, मुलं यायच्या आधी, वर्तमानपत्रात गुंडाळून मी तो फोटो चौथ्या डब्यात ठेवला. डब्याची चाचणी घेतोय, असं मी स्वतःला सांगितलं. याची लाज मला तेव्हाही वाटली होती, पण पहिली घंटा झाली.

रजिस्टर सांभाळायला सातवी ब मधला शौनक होता. या मुलाचा भांगसुद्धा पट्टीने पाडलेला असतो. त्याने पहिली नोंद केली: क्रमांक एक, फोटो, म्हातारे गृहस्थ, टोपी. आणणारा अज्ञात. नातं कोरं, कारण कोरं. त्याच्या मदतीला चिमी होती. ती बारवीच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून येते, वर्गात तोंड उघडत नाही, आणि हातमोजे घातल्याशिवाय कशालाही शिवत नाही, कारण नियम क्रमांक तीन तसा आहे.

त्यानंतर गणपतीची साफसफाई आली. मुलांनी आसपासच्या सोसायट्यांत सांगून ठेवलं होतं, की तुमच्या घरात ज्याचं काय करायचं ते कळत नाही असं काही असेल तर शाळेला द्या. मांजर्लीतल्या यच्चयावत पोटमाळ्यांना तोंड फुटलं. आपल्याकडे देवाची तसबीर आणि गेलेल्या माणसाचा फोटो कचऱ्यात टाकायचा नसतो. तो पिंपळाखाली नेऊन ठेवायचा, वळून न बघता परत यायचं, पुढचं पिंपळ बघून घेईल. आमच्या भागातला पिंपळ रस्तारुंदीत गेला. लोकांना आता पिंपळाच्या जागी आमची सातवी ब मिळाली.

आठ दिवसांत त्रेसष्ट फोटो जमले. नऊवारीतल्या आज्या, फेट्यातले पणजोबा, चंदनाचा हार घातलेला एक तरुण पोलीस, मांडीवर बाळ घेतलेली एक बाई, आणि त्या बाळालाही वेगळं कुंकू लावलेलं. टाकण्याच्या कारणाच्या रकान्यात त्रेसष्टपैकी साठ जणांनी लिहिलं होतं, 'जागा नाही'. नात्याच्या रकान्यात बहुतेकांनी आधी आजोबा, सासरे, मावशी असं लिहून मग खोडलं होतं.

फोटो ठेवायला आम्हाला तळमजल्यावरची जुनी प्रयोगशाळा मिळाली. एका पुरात तिथे छातीइतकं पाणी आलं होतं आणि त्याची तपकिरी रेघ चारी भिंतींवर अजून आहे. मुलांनी फळ्या ठोकून सगळे फोटो त्या रेघेच्या वर मांडले. मी विचारलं, एवढं वर कशाला. चिमी तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"पानी आलं तर सर. एकदा गेलेत ते गेलेत. परत कशाला बुडवायचं."

आता खरं तर नियम क्रमांक पाचप्रमाणे प्रत्येक वस्तू सुटी करायची होती. काच काचेत, लाकूड लाकडात, कागद कागदात, खिळे धातूत. पाच मुलांची तुकडी पक्कड घेऊन आत गेली आणि पाच मिनिटांत तशीच बाहेर आली. शौनकला एक शंका होती.

"सर, तुम्ही शिकवलंत की कुजतं ते ओलं आणि कुजत नाही ते सुकं," तो म्हणाला. "मग माणूस ओला की सुका?"

मी त्याला इतिहासाचा शिक्षक असल्याची आठवण करून दिली.

यानंतर सल्ले सुरू झाले. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की सरळ उल्हास नदीत सोडा. मांजर्लीत राहून हे बोलायला धाडस लागतं. आमची नदी दर दोन-तीन वर्षांनी आपण दिलेलं सगळं घरपोच परत करते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी देवळात द्यायला सांगितलं. देवळातल्या गुरुजींनी देव ठेवून घेतले आणि माणसं परत केली. मग मी रीतसर नगरपालिकेत गेलो. आरोग्य विभागातल्या गृहस्थांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि ही वस्तू आमच्या यादीत नाही, मयत माणसांचं वर, जन्म-मृत्यू नोंदणीत, म्हणून सांगितलं. वरच्या बाईंनी विचारलं की यांच्या मृत्यूची नोंद झालेली आहे का. असेलच, मी म्हणालो. मग पुन्हा कसली नोंद करता, त्या म्हणाल्या. एका माणसाला एकदाच. मला त्यांचं पटलं. मी जिना उतरलो.

शेवटी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या जयदेव नावाच्या भंगारवाल्याला बोलावलं. शाळेची रद्दी तोच नेतो. एरवी तो खोलीत शिरतानाच भाव बोलत शिरतो. त्या दिवशी तो दारात थांबला, चपला काढल्या, आत एक नजर फिरवली आणि बाहेर आला. "साईं, फ्रेम लेगा, काच भी लेगा," तो हळू म्हणाला. "पण फोटो तुमी काढून द्या. मेरे गोदाम में बच्चे खेलते हैं." त्या दिवशी तो रद्दीही न घेता गेला.

मुलांनीही कधीतरी त्या खोलीबाहेर चपला काढायला सुरुवात केली होती. मी तसा नियम केलेला नव्हता. सातवी ब हा माझ्या नोकरीतला सर्वांत गोंगाटी वर्ग, पण खोलीत शिरली की मुलं आवाज उतरवून बोलायची. कोणी फळीपुढून जाताना किंचित वाकून जायचं, बसलेल्या मोठ्या माणसांपुढून जावं तसं. भर दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आत पडलेलं असताना, मी एकदा दारात उभा राहून हे पाहिलं आणि माझ्या हातावर काटा आला. मी लगेच शिस्तीची दोन वाक्यं बोललो. कोणी ऐकलं नाही, कारण मीही कुजबुजतच होतो.

नियम क्रमांक आठप्रमाणे रोज सकाळी आणि दुपारी मोजदाद व्हायची. एके दिवशी शौनक रजिस्टर घेऊन आला. त्याचा भांग बिघडला होता, त्यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचं मी ओळखलं. मोजणी कधी त्रेसष्ट येते, कधी चौसष्ट येते, असं त्याचं म्हणणं होतं. मी त्याला एकाग्रतेचं महत्त्व सांगितलं. त्याने ते पूर्ण ऐकून घेतलं.

"पण सर, चौसष्ट तुम्ही खोलीत असलात की भरतात," तो म्हणाला. "तुम्ही नसलात की बरोबर त्रेसष्ट."

काचेत माझं प्रतिबिंब पडत असेल, असं मी म्हणालो, आणि मुलांच्या समाधानासाठी पाहायला गेलो. सगळ्या काचांत खिडकी दिसत होती. फक्त एका काचेत मी दिसत होतो, आणि माझं तोंड आतल्या तोंडावर इतकं नीट बसत होतं की टोपी मलाच घातल्यासारखी वाटत होती. तो क्रमांक एक होता. मी तो तळाच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आता तो वरच्या फळीवर होता, समोर तोंड करून. मी कोणी हलवला म्हणून विचारलं. हातमोज्यांच्या पेटीची किल्ली तुमच्याकडे असते सर, शौनक म्हणाला, आणि हातमोज्यांशिवाय आम्ही शिवत नाही. दुसऱ्या दिवशी बाबा दाराच्या दिशेने एक फोटो अलीकडे होते. तिसऱ्या दिवशी आणखी एक. मी घरी कोणाला बोललो नाही. काय बोलणार होतो?

विसर्जन झालं, पितृपक्ष लागला, आणि सोमवारी बनूताईचा फोन आला. गुरुवारी दशमी, बाबांची तिथी. यंदा ती आमच्याकडे येणार होती. बाबांचा फोटो पुसून पाटावर ठेव पदू, म्हणाली, मी माझ्या हाताने नैवेद्य दाखवीन, पुढच्या वर्षी माझे गुडघे जिना चढू देतात की नाही कोण जाणे. मी हो म्हणालो. आईच्या मागे बनूताईने मला वाढवलंय. तिला फोटो गेला म्हणून सांगणं मला शक्य नव्हतं, आणि कुठे गेला ते सांगणं तर त्याहून अशक्य होतं.

तेव्हा गुरुवारच्या आत बाबांना बाहेर काढायचं होतं, कोणाला न कळता. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी खोलीत गेलो आणि सहज बोलावं तसं बोललो, की क्रमांक एक जरा तपासायला न्यायचाय. शौनकने रजिस्टर उघडलं. नियम क्रमांक सात, सर. नेणाऱ्याचं नाव, नातं आणि कारण लिहिल्याशिवाय वस्तू बाहेर जात नाही. नेमक्या त्याच वेळी शलाका मॅडम दोन पालकांना आमचा उपक्रम दाखवायला आत आल्या. मॅडमनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसून म्हणाल्या, सर, हे तुमच्या नात्यातले की काय, चेहरा केवढा मिळतो. पालकही हसले.

त्या एका क्षणात मी सगळं सांगू शकलो असतो. पण त्याच महिन्यात मी सकाळच्या प्रार्थनेनंतर, आपल्या माणसांना कचऱ्यात टाकणारा समाज, या विषयावर वीस मिनिटं बोललो होतो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हणालो, छे, माझा काय संबंध.

"मग सर, हा आजा कोनाचाच नाय?" चिमीने विचारलं. ती खोलीत आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

"कोणाचाच नाही," मी म्हणालो. बाबांच्या समोर म्हणालो.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मुलांनी शिक्षकाकडे इतकं बघू नये.

बुधवारी दिवसभर मॅडमनी खोली सोडली नाही. उपक्रमाची छायाचित्रं काढणं चाललं होतं. शाळा सुटायच्या वेळी माझ्यापुढे चाळीस वह्या आणि वर ते रजिस्टर सहीसाठी आलं. वह्या तपासण्याची माझी पद्धत अशी आहे की पान उघडायचं, सही करायची, पान मिटायचं.

गुरुवारी सकाळी मोठी पिशवी घेऊन मी शाळा भरायच्या आधी पोचलो आणि कुलूप उघडलं. दाराशेजारची जागा रिकामी होती. फळीवरच्या धुळीत तेवढाच चौकोन स्वच्छ. बाकी सगळे जागच्या जागी होते आणि का कोण जाणे, मला वाटलं की ते माझीच वाट बघत होते, मी आता काय करतो ते बघायला. रजिस्टर टेबलावर होतं. क्रमांक एक. नेणारी, चिमी. नातं, आजा. कारणाच्या रकान्यात तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्याकडे एकपण फोटो नाही.' त्याखाली माझी सही होती.

हजेरी घेतली तर चिमी आली नव्हती. मी शौनकला विचारलं. तो म्हणाला, तिचा आजा मागेच गेलाय सर, कोणी कधी त्याचा फोटो काढलाच नव्हता. पितृपक्षात सगळ्यांच्या घरी पान वाढतात, हिच्याकडे पान कोणापुढे ठेवायचं तेच नाही. म्हणून ती रोज येऊन एक नंबरला विचारायची की येता का. काल म्हणाली की येतो म्हणाले.

मी खुर्चीत बसून राहिलो. साडेदहाला शाळेच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि बनूताई उतरली. ती घरी गेली होती. नीलिमाने तिला विचारलं होतं, वन्सं, फोटो आणलात ना? दोघींना एकमेकींकडे बघून जे कळायचं ते कळलं होतं. बनूताई ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"पदू, बाबा कुठे आहेत?" तिने विचारलं.

मी सांगितलं. दिवाण, वर्तमानपत्र, डबा, छे माझा काय संबंध, सगळं. पन्नाशी उलटलेला माणूस फाटकाशी उभा राहून बहिणीला कबुली देतोय, हे शिपाई बघत होता. माझ्या प्रतिष्ठेचं जे काही उरलं होतं ते तिथेच संपलं. बनूताईने पदर खोचला आणि म्हणाली, चल.

बारवीच्या रस्त्याला रिक्षावाला फाट्यापर्यंतच आला. पुढे भाताच्या खाचरांमधून पायवाट होती. बनूताईचे गुडघे तिला मधेमधे थांबवत होते, पण ती माझा हात धरायला तयार नव्हती. भर दुपार होती आणि त्या वाटेवर एक माणूस नव्हतं. कुठे पाखरूही ओरडत नव्हतं. घर कोणतं म्हणून विचारायचं तर विचारायला कोणी नाही, आणि तरी बनूताई एकदाही न अडखळता वळत गेली. मी म्हटलं, तुला कसं माहीत. ती म्हणाली, मला वाटलं तू सांगतोयस.

घर कुडाचं होतं. दार उघडं होतं. समोरच्या भिंतीला टेकून बाबा होते. काच पुसून लख्ख केलेली, टोपीवर झेंडूचं फूल. त्यांची ती उशिरा आलेल्या माणसाकडे बघण्याची नजर मी चाळीस वर्षं ओळखतो. ती त्या फोटोत नव्हती. काचेवर ऊन पडलं होतं म्हणून तसं दिसलं असेल. बनूताईने तोंडाला पदर लावला.

चिमीची आई चुलीपाशी होती. तिने आम्हाला आपादमस्तक पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुमी त्यांचे कोन?"

बनूताईने माझ्याकडे पाहिलं. हे उत्तर मीच द्यायचं होतं.

"मुलगा," मी म्हणालो. "ही माझी बहीण. मी शाळेत खोटं बोललो होतो."

"बसा मंग," ती म्हणाली. "भात निवंल."

तेव्हा मी खाली पाहिलं. बाबांपुढे नैवेद्याचं एक पान होतं, आणि सारवलेल्या जमिनीवर आणखी चार पानं मांडलेली होती. भात, वरण, भोपळ्याची भाजी. वाफ निघत होती. त्या घरात माणसं दोनच, चिमी आणि तिची आई.

"पोरगी सकालपासून म्हनतेय, आजाची पोरं येनार जेवाया. थोरली बाय नि धाकला भाव," आई म्हणाली. "मी म्हनलं, एवढ्या लांब कोन येतंय. पर ती ऐकंना."

मला बहीण आहे हे शाळेत मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. मी चिमीकडे पाहिलं. ती तांब्या घेऊन उभी होती, हातमोज्यांशिवाय.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी कोनाचाच नाय म्हनलात ना सर, तवाच कलला मला, तुमचाच हाय म्हनून," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने बाबांकडे पाहिलं. "बाकीचा यांनी सांगितला."

आम्ही जेवलो. मी दोनदा भात घेतला. बनूताई डोळे पुसत जेवत होती आणि मधूनच भोपळ्याची भाजी छान झाली म्हणून सांगत होती. पिशवी माझ्या मांडीशी होती, रिकामी. जेवण झाल्यावर बनूताई ती उचलेल आणि फोटो मागेल, अशी मी वाट बघत होतो, कारण मागायचं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं.

तिने हात धुतले, बाबांपुढे वाकून नमस्कार केला आणि ती उठली. पिशवीकडे तिने पाहिलंही नाही. चिमीच्या आईचे दोन्ही हात हातात घेऊन तिने विचारलं, "पुढच्या दशमीला आम्ही आलो तर चालेल?"

"या की," ती म्हणाली. "पानं वाढलेलीच असतील."